दूध, मांस आणि अहिंसेचा हिशेब

मांसाहार योग्य की शाकाहार, हा प्रश्न भारतात बहुधा धर्म, जात आणि घराण्याचा आचार यांच्या आधारे सुटलेला असतो, आणि जो प्रश्न जन्मानेच सुटला त्यावर वेगळा विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. गेल्या पन्नास वर्षांत मात्र नीतिशास्त्राने प्राण्यांच्या यातनांचा नव्याने विचार सुरू केला, आणि पशुपालनाचा जमीन, पाणी व हवामान यांवर किती भार पडतो याची मोजमापेही उपलब्ध झाली. या दोन्ही दृष्टींनी पाहता धान्य, भाजी, दूध व तूप एका बाजूला आणि मांस, मासे व अंडी दुसऱ्या बाजूला ठेवणारी रूढ सीमारेषा फारशी टिकत नाही. दुधाला रूढीने शाकाहारात जागा दिली असली, तरी त्याची निर्मिती जनावराच्या विण्याशी, वैरणीशी, भाकडपणाशी आणि शेवटी मृत्यूशी बांधलेली आहे. म्हणून भारतात तरी दुधाला वगळून मांसाच्या नैतिकतेची चर्चा अपुरीच राहते, असे प्रस्तुत प्रतिपादन आहे.

भारत हा शाकाहारी देश आहे, हा समज प्रथम दूर करायला हवा. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ८३ टक्के पुरुष व ७१ टक्के स्त्रिया कमीअधिक प्रमाणात मांस, कोंबडी किंवा मासे खाणाऱ्या आढळल्या. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीत महाराष्ट्रातील मांसाहारींचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास, तेलंगणात ९८ टक्क्यांहून अधिक, तर राजस्थानात जेमतेम २५ टक्के होते. मात्र कोण किती वेळा खातो, हे अशा आकड्यांतून कळत नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी पाळणारी, श्रावणात घरात वशाट न आणणारी आणि एरवी आठवड्यातून एखाद्या दिवशी मटण किंवा मासळी करणारी कुटुंबे मोजणीत मांसाहारी ठरतात. परंतु भारतातील मांसाचा दरडोई वार्षिक वाटा सात किलोंच्या आसपास आहे आणि अमेरिकेत तो शंभर किलोंच्या वर जातो. ‘ईट-लॅन्सेट’ या वैज्ञानिक आयोगाने २०१९ मध्ये पृथ्वीला पेलवेल असा जो आहार सुचवला त्यात कोंबडी व इतर मांस मिळून दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम, म्हणजे वर्षाला साधारण साडेपंधरा किलो मांस बसते. सरासरी भारतीय त्याच्या निम्म्यावरही नाही, आणि म्हणून पाश्चात्त्य देशांना दिलेला उपदेश येथे जसाच्या तसा लागू करणे शास्त्रालाही धरून नाही.

नैतिक बाजूचा भारतीय विचार पुष्कळ जुना आहे आणि एकसुरी मुळीच नाही. जैन दर्शनाने जीवांची त्यांच्या इंद्रियांच्या संख्येवरून प्रतवारी केली. वनस्पती, पाणी, माती यांतील जीव एकेंद्रिय, तर पशुपक्षी व माणूस पंचेंद्रिय मानले. जगण्यासाठी काही हिंसा अटळच असल्यामुळे ती कमीत कमी इंद्रियांच्या जीवांपुरती मर्यादित ठेवावी, हा त्यामागचा विचार होता. बौद्ध विनयाने वेगळी वाट धरली. भिक्षेत आलेले मांस आपल्यासाठी मारलेल्या प्राण्याचे आहे असे भिक्षूने पाहिले नसेल, ऐकले नसेल आणि तशी शंकाही त्याला आली नसेल, तर ते त्रिकोटिपरिशुद्ध, म्हणजे तिन्ही बाजूंनी निर्दोष समजले जाई. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात हा विषय निर्भयपणे मांडला, आणि त्यातील जैन श्रमणांच्या मांसाहाराविषयीच्या मजकुरावरून मोठा वाद ओढवून घेतला. पां. वा. काणे यांनीही धर्मशास्त्राच्या इतिहासात वैदिक यज्ञातील पशुवधापासून पुढच्या काळातील मांसवर्जनापर्यंत आचार कसा बदलत गेला, हे ग्रंथांच्या आधारे दाखवले. अनादि काळापासून एकच नियम चालत आला आहे, हा दावा या अभ्यासांपुढे टिकत नाही. मराठी मुलखात आणखी एक गोष्ट घडली: वारकरी पंथाने तुळशीच्या माळेबरोबर मांसवर्जन स्वीकारले, आणि हे वर्जन जातीवर अवलंबून न राहता माळ घालणाऱ्याच्या स्वतःच्या निश्चयावर उभे राहिले. त्याच गावात एका घरी माळकरी आणि शेजारच्या घरी देवाला बोकड कापणारे, असे दोन्ही आचार शतकानुशतके नांदले.

पाश्चात्त्य परंपरेत जेरेमी बेंथॅम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस प्राण्याला बुद्धी किंवा वाचा आहे की नाही याऐवजी त्याला दुःख होते की नाही, हे पाहायला सांगितले. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये तोच धागा पुढे नेऊन, केवळ जीवजाती वेगळी म्हणून एखाद्याच्या दुःखाला कमी लेखणे हा वंशभेदासारखाच पक्षपात असल्याचे प्रतिपादले. टॉम रेगन यांची १९८३ मधील भूमिका याहून कठोर आहे. जो प्राणी स्वतःच्या जीवनाचा अनुभव घेतो त्याला हक्क आहेत, आणि त्या हक्कांची दुसऱ्याच्या सुखाशी देवघेव होऊ शकत नाही, असे ते म्हणतात. सिंगर आणि रेगन यांपैकी कोणाचाही युक्तिवाद स्वीकारला तरी वासराच्या वाट्याचे दूध काढून घेणे नैतिक चौकशीतून सुटत नाही. महात्मा गांधींना हे उमगले होते. लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांचे पुस्तक वाचून त्यांनी जन्माने आलेला शाकाहार विचाराने पुन्हा स्वीकारला, पुढे जनावरांवर होणारे क्रूर प्रकार कळल्यावर गाई-म्हशीचे दूध सोडले, आणि आजारपणात बकरीचे दूध घ्यावे लागले याची रुखरुख त्यांना अखेरपर्यंत राहिली.

शाकाहारावर घेतला जाणारा एक आक्षेप येथे नोंदवायला हवा. नांगरणी, कापणी व फवारणीत उंदीर, सरडे, पक्षी आणि असंख्य कीटक मरतात. तेव्हा कुरणावर चरणाऱ्या मोठ्या जनावराचे मांस खाल्ल्याने एकूण मृत्यू कमी होतील, असे स्टीव्हन डेव्हिस यांनी २००३ मध्ये मांडले. त्याच वर्षी गॅव्हरिक मॅथेनी यांनी त्यातील चूक दाखवली: एकरामागे मृत्यू न मोजता मिळणाऱ्या अन्नामागे मोजले, तर तेवढ्याच प्रथिनांसाठी फार कमी जमीन लागणारी पिके पुन्हा सरस ठरतात. हा आक्षेप शाकाहाराला खोडून काढत नाही, मात्र आपल्या ताटात हिंसा मुळीच नाही या समाधानाला तो नक्कीच धक्का देतो.

पर्यावरणाच्या हिशेबात सर्वांत जड बाजू रवंथ करणाऱ्या प्राण्यांची आहे. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव गवत व कडबा आंबवतात, त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. हा वायू हवेत साधारण बारा वर्षे टिकतो. परंतु वीस वर्षांच्या काळात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट आणि शंभर वर्षांच्या काळात सुमारे सत्तावीस पट उष्णता अडवतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ मध्ये मानवनिर्मित उत्सर्जनातील पशुपालनाचा वाटा १८ टक्के धरला होता, तो २०१३ मध्ये पद्धत सुधारून १४.५ टक्क्यांवर आणला. भारताच्या शेतीक्षेत्रातील उत्सर्जनात सर्वांत मोठा हिस्सा जनावरांच्या पचनातून निघणाऱ्या मिथेनचाच असून भातशेती त्याच्या बरीच मागे आहे.

जोसेफ पुअर आणि थॉमस नेमेचेक यांचा २०१८ मधील अभ्यास या क्षेत्रातील आजचा मुख्य आधार मानला जातो. ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून त्यांनी दाखवले की मांस, दूध, अंडी व मत्स्यशेती मिळून जगातील शेतजमिनीपैकी सुमारे ८३ टक्के जमीन वापरतात, पण माणसाला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी १८ टक्के आणि प्रथिनांपैकी ३७ टक्केच देतात. शंभर ग्रॅम प्रथिनांमागे होणारे उत्सर्जन, सर्व वायूंचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करून मोजले असता, खास मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या बाबतीत जागतिक सरासरीने ५० किलो, शेळी-मेंढीच्या बाबतीत २० किलो, दुधाळ कळपातून येणाऱ्या गोमांसाच्या बाबतीत १७ किलो, चीजचे ११ किलो, दुधाचे साडेनऊ किलो, कोंबडीचे पावणेसहा किलो, अंड्यांचे चार किलोंच्या आसपास आणि डाळींचे एक किलोहूनही कमी भरते. म्हणजे हवामानाच्या दृष्टीने दूध आणि चीज यांतील प्रथिने कोंबडी व अंडी यांच्यापेक्षा महाग पडतात. मांस सोडून त्याची जागा पनीर, खवा आणि तुपाने भरणारा माणूस प्राणहत्येपासून आपण दूर आहोत असे मानत असेल, पण पर्यावरणावरील भार त्याने हलका केला असे म्हणता येत नाही. डाळ-भाकरी आणि उसळ खाणाऱ्याने मात्र तो खरोखर हलका केलेला असतो.

या आकड्यांनाही मर्यादा आहेत. जागतिक सरासरीत ब्राझीलची जंगल तोडून केलेली कुरणे आणि सोलापूर जिल्ह्यातील कडब्यावर जगणारी म्हैस एकत्र मोजली जातात. भारतातील जनावर कमी दूध देते म्हणून लिटरमागे त्याचे मिथेन युरोपातील गाईपेक्षा जास्त भरते. पण ज्वारीचा कडबा, उसाचे वाढे, भुसा आणि सरकीची पेंड हे सगळे माणसाला न खाता येणारे असते, आणि त्याचे दूध, शेण व पूर्वी तरी नांगराची ताकद यांत रूपांतर होते. अन्न व कृषी संघटनेतील संशोधकांनी २०१७ मध्ये जगातील पशुखाद्यापैकी ८६ टक्के खाद्य माणसाच्या खाण्याजोगे नसल्याचे दाखवले. तरीही उरलेल्या खाद्यात जगाच्या धान्य उत्पादनाचा सुमारे एक तृतीयांश भाग जातो, ही गोष्ट हा आकडा सांगताना अनेकदा गाळली जाते. पाण्याच्या हिशेबातही अशीच गफलत होते. एक किलो गोमांसाला १५,४०० लिटर पाणी लागते हा आकडा सर्वत्र फिरतो, पण त्यातील बहुतेक पाणी गवतावर व पिकांवर पडलेल्या पावसाचे असते, नदी-विहिरीतून उपसलेले नसते. मराठवाड्यातील उसासाठी उपसल्या जाणाऱ्या पाण्याशी त्याची बरोबरी करणे दिशाभूल करणारे आहे.

कोंबडीच्या बाबतीत नैतिक आणि पर्यावरणीय हिशेब थेट विरुद्ध दिशांना जातात. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास वजन भरणारी मांसल कोंबडी मका व सोयाबीन फार काटकसरीने मांसात बदलते, म्हणून तिचे उत्सर्जन कमी असते. पण एका बैलाच्या मांसाइतके मांस मिळवायला शंभराच्या घरात कोंबड्या माराव्या लागतात, आणि मधल्या काळात त्या बंदिस्त शेडमध्ये दाटीने, तर अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या रूढ पिंजऱ्यात धड पंखही पसरता येणार नाहीत इतक्या जागेत जगतात. सिंगर यांच्या कसोटीवर कोंबडीचे हे मांस बहुधा सर्वांत दोषी ठरेल. दाटीचे इतर परिणामही आहेत. भारतातील पक्ष्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला, आणि माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुखाद्यात वापरण्यावर केंद्र सरकारला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. मासळीबाबत प्रश्न वेगळा आहे. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे, पण ट्रॉलर, पर्ससीन जाळी आणि दिव्यांचा झोत टाकून केलेली मासेमारी पिल्लांसकट सारे उपसते, आणि पुष्कळ लहान मासळी भुकटी होऊन कोळंबी व कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पावसाळ्यातील दोन महिन्यांची बंदी उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. धनगरांच्या मेंढ्यांचे उत्सर्जन कागदावर मोठे दिसते. त्या शेतात बसवल्या की जमिनीला खत मिळते, आणि त्यांच्या चराईवर टिकलेली दख्खनची माळराने लांडग्यासारख्या प्राण्यांचे घर आहेत, ही बाजू कोणत्याही आकडेवारीत येत नाही. अशी माळराने ‘पडीक’ म्हणून नोंदवून त्यांवर झाडे लावणे किंवा ती कारखान्यांना देणे, याला पर्यावरणरक्षण म्हणता येत नाही.

आहाराचा प्रश्न न्यायाचाही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील गर्भवती स्त्रियांमध्ये ब-१२ या जीवनसत्त्वाची व्यापक कमतरता दाखवून दिली, आणि हे जीवनसत्त्व केवळ प्राणिजन्य अन्नातून किंवा गोळ्यांतून मिळते. ज्यांच्या घरी दूधही रोज येत नाही त्यांच्या मुलांसाठी अंडे हे स्वस्तात मिळणारे उत्तम अन्न आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी देणे थांबवले. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याची सोय आधीपासून असताना हे का केले, याचे नैतिक समर्थन सापडत नाही. एखाद्याने स्वतःच्या विवेकाने मांस सोडणे आणि दुसऱ्याच्या मुलाच्या ताटातून अंडे काढून घेणे, या दोन कृती एकाच तत्त्वाच्या नावावर मांडल्या जाऊ नयेत.

गोवंशाच्या प्रश्नात हे सगळे धागे एकत्र येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध गोमांसभक्षणाशी जोडला. मृत जनावर ओढून नेण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले त्यांचेच ते मांस अन्न झाले आणि तेच त्यांच्या हीनत्वाचा पुरावा ठरवले गेले. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी लिहिलेल्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांपासून अनेक पदार्थांची जी नोंद आली आहे, ती मराठी पाककृतींच्या पुस्तकांत पूर्वी जवळजवळ नव्हती. शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घेतला नाही, तर त्याची अहिंसा ऐकणाऱ्याला जातीच्या भाषेतच ऐकू येईल.

जनावरांच्या संख्येचा वाद साठीच्या दशकात पुण्यापर्यंत पोहोचला होता. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ मध्ये असे मांडले की गाईचे पावित्र्य हे अंधश्रद्धेपेक्षा व्यवहारी शहाणपण आहे, कारण बैल, शेण, कातडे आणि मेलेल्या जनावराचे मांस या सर्वांचा भारतीय शेतीव्यवस्थेत उपयोग होतो. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी याला तीव्र विरोध केला. कत्तल नाकारली की संख्येवर नियंत्रण ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वैरणीचा तुटवडा. तेव्हा जी जनावरे नको आहेत ती सुरीऐवजी उपासमारीने मरतात, आणि उरलेल्यांनाही पोटभर मिळत नाही, असा त्यांचा रोख होता. या वादात दांडेकरांची बाजू काळाने अधिक भक्कम केली आहे, कारण हॅरिस यांच्या युक्तिवादाचा कणा असलेला बैल ट्रॅक्टरमुळे दावणीवरून झपाट्याने नाहीसा झाला, आणि संकरित गाईचा गोऱ्हा तर नांगराला जवळजवळ निरुपयोगीच असतो.

१९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. बैल व वळू यांनाही ती लागू करणारी १९९५ ची दुरुस्ती २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर अमलात आली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले, पण कत्तलबंदी कायम ठेवली. म्हशीला ही बंदी लागू नाही, आणि भारत जगातील मोठ्या मांस निर्यातदारांत गणला जातो तो म्हशीच्याच मांसामुळे. दुधाळ जनावर म्हणून गाय आणि म्हैस यांच्यात नैतिक फरक कोणता, याचे उत्तर अहिंसेच्या कोणत्याही सिद्धांतातून मिळत नाही. बंदीपूर्वी आठवडी बाजारात म्हातारा बैल विकून येणाऱ्या पैशांत थोडी भर घालून शेतकरी नवे जनावर घेत असे; ती वाट बंद झाल्यावर दुष्काळात वैरणीचा भाव चढला की भाकड जनावराचा भार त्याच्यावरच पडतो. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांच्या आसपास घसरली. दुष्काळ व यांत्रिकीकरण यांचाही त्यात वाटा आहे. पण गोवंश वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याच्या काळात त्याची वाढ झाली नाही, एवढे निश्चित.

भारत १९९८ पासून जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश असून २०२२-२३ मध्ये उत्पादन २३ कोटी टनांवर गेले. गाय-म्हैस दूध देत राहण्यासाठी तिने ठरावीक काळाने विणे आवश्यक असते, आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी निम्मी नर असतात. म्हशीचे नर रेडकू अनेक गोठ्यांत दुधावाचून पहिल्या काही महिन्यांतच दगावते. गोऱ्हा मोकळा सोडला जातो, गोशाळेत जातो किंवा चोरट्या वाटेने राज्याबाहेर विकला जातो. बहुतांशी कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगनिश्चित वीर्यमात्रांचा वापर सरकारी योजनांतून वाढवला जात आहे आणि तो योग्य दिशेचा आहे, परंतु मादी जनावरही सात-आठ वितांनंतर भाकड होते आणि त्यापुढे अनेक वर्षे जगू शकते. दूध पिणाऱ्या शहरी ग्राहकाला गाईची कत्तल खरोखर नको असेल, तर त्या उरलेल्या वर्षांच्या वैरणीचा खर्च दुधाच्या दरात धरला गेला पाहिजे. आज तो दरात नाही, दूध संघाच्या हिशेबात नाही आणि अनुदानातही पुरेसा नाही, आणि म्हणून तो दोन-तीन जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि त्या जनावरांच्या पोटातून वसूल होतो.